साहेब, आधी हात : मराठवाड्यातील अधिष्ठाता आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना खुले पत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, मराठवाडा (सर्व)
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, मराठवाडा (सर्व)
प्रत माहितीसाठी : आठही जिल्ह्यांचे मा. पालकमंत्री

विषय : औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा वॉर्डातला प्रवास थांबविणेबाबत

सविनय नमस्कार.

या पत्राला जावक क्रमांक नाही. नोकरीत असते तर ते अधिसेविकांमार्फत, मग आरएमओंमार्फत, म्हणजे ‘योग्य त्या मार्गाने’ निघालं असतं आणि त्या मार्गावरच एखाद्या फायलीत विसावलं असतं. आता मी सेवानिवृत्त आहे. मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांत अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, म्हणून बाहेर पडले. आपल्यालाच लिहिते आहे, कारण मला जे मागायचं आहे ते आपल्या सहीने होण्यासारखं आहे. त्यासाठी मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत.

पेशंटच्या रक्त-लघवीत कोणता जंतू वाढला आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं, हे सांगणारे कल्चरचे रिपोर्ट आपण रोज बघता. पूर्वी त्या तक्त्यात ‘एस’, म्हणजे औषध लागू, जास्त असायचे, मधूनच एखादा ‘आर’, म्हणजे औषध निकामी. आता वरपासून खालपर्यंत ‘आर’ची रांग असते आणि तळाशी कोलिस्टिनपुढे एखादं आशेचं अक्षर. कोलिस्टिन म्हणजे किडनीला त्रास देतं म्हणून आपल्या आधीच्या पिढीने बाजूला ठेवलेलं औषध. तेच आज आयसीयूतला शेवटचा आधार झालं आहे. राऊंड संपतो, साहेब लोक निघून जातात आणि नातेवाईक आम्हाला गाठतो : “सिस्टर, एवढी महागाची इंजेक्शनं आणून दिली की, मग ताप का उतरेना गेलाय?” याचं उत्तर खरं तर डॉक्टरांनी द्यायचं. पण विचारलं जातं सिस्टरला.

या विषयावर सभा झाली की सगळ्यांची बोटं दवाखान्याच्या बाहेर वळतात. मेडिकलवाले चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देतात. गावातला डॉक्टर सर्दीलाही सलाईन लावतो. लोक जरा बरं वाटलं की गोळ्या सोडतात. सगळं खरं आहे. औषध नियमांतली शेड्यूल एच-1 ही यादी मार्च 2014 पासून लागू आहे, तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेम ही तगडी अँटिबायोटिक्स त्यात येतात, डॉक्टरची चिठ्ठी आणि दुकानात वेगळी नोंदवही सक्तीची आहे. ती किती दुकानांत भरली जाते ते एफडीएला, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाला, विचारावं. तो मोर्चा दुसऱ्या कुणीतरी काढावा. पण असा जंतू एकदा वॉर्डात आला की चार नंबरच्या खाटेवरून नऊ नंबरच्या खाटेवर कसा पोचतो, हे आपल्यालाच विचारावं लागतं. तो स्वतः चालत जात नाही. आम्ही त्याला हातावर घेऊन जातो.

माझं मागणं एवढंच. प्रत्येक खाटेपाशी हँडरबची, म्हणजे हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या द्रवाची, बाटली द्या. आणि इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरला कुणालाही, अगदी विभागप्रमुखालाही, जागच्या जागी थांबवण्याचा लेखी अधिकार द्या. बाकीचं जे लिहिते आहे ते या दोन गोष्टींसाठीच.

आधी जंतूबद्दल थोडं. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास, ई. कोलाय ही नावं आता नातेवाइकांनाही पाठ व्हायला लागली आहेत. यांतला ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या जागेवर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. खाटेचा कठडा, मॉनिटरची वायर, बीपीचा कफ, लॉकरची मूठ, काहीही त्याला चालतं. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या मोठ्या रुग्णालयांत सापडणाऱ्या या जंतूच्या दर दहा नमुन्यांपैकी आठाहून जास्त नमुने कार्बापेनेमला दाद देत नाहीत. क्लेबसिएलाची खोड वेगळी. तो पेशंटच्या आतड्यात मुकाट बसून राहतो. पेशंटला ना ताप, ना काही तक्रार. पण त्याचं भांडं उचललेल्या हातावरून तो पुढच्या खाटेकडे निघतो. शिवाय औषधाला न जुमानण्याची जनुकं हे जंतू प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवरून एकमेकांना देऊन टाकतात, जात वेगळी असली तरी. म्हणजे एका खाटेवरचा क्लेबसिएला शेजारच्या ई. कोलायला शहाणं करून सोडतो. जगभराचा हिशेब 2022 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला : 2019 या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंनी थेट घेतलेले बळी सुमारे 12 लाख 70 हजार. आपल्या जिल्ह्यात त्यांतले किती, हे सांगता येत नाही, कारण मृत्यूच्या दाखल्यावर आपण ‘सेप्सिस’, म्हणजे संसर्ग अंगभर पसरला, एवढंच लिहितो आणि पान उलटतो.

पटत नसेल तर एखाद्या सकाळी राऊंडच्या वेळी वॉर्डाच्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसा. (आपल्याला सगळे ओळखतात आणि त्या दिवशी सगळेच शहाण्यासारखे वागतील, म्हणून शेजारच्या जिल्ह्यातून कुणालातरी पाठवा.) काय दिसेल ते मी सांगते. युनिटचे सर चार नंबरच्या पेशंटचं पोट दाबून बघतात. तोच हात पाचच्या कठड्यावर. तोच हात केसपेपरवर, खिशातल्या पेनावर, मग पाचच्या पोटावर. स्टेथोस्कोप या छातीवरून त्या छातीवर, मध्ये पुसणं नाही. मागे रेसिडेंट हातमोजे घालून ड्रेसिंग करतो, त्याच हातमोज्यांनी मोबाईल उचलतो, बोलणं झालं की त्यांनीच शेजारच्या पेशंटच्या ड्रिपची कळ फिरवतो. न बदललेला हातमोजा घालणाऱ्याला सांभाळतो, पेशंटला नाही. आमच्या वेळी ड्रेसिंगची ट्रॉली आधी स्वच्छ जखमांकडे न्यायची आणि पू झालेल्या जखमा शेवटी घ्यायच्या, अशी शिस्त होती. आता ट्रॉली खाटेच्या नंबराने फिरते. तीन नंबरला पू असेल तर चार नंबरचा सिझरचा टाका त्यानंतर.

अजून जवळून बघा. औषधाच्या ट्रेमध्ये सलाईनची बाटली दिसेल, बुचात सुई खुपसून ठेवलेली. दिवसभर त्या एका बाटलीतून प्रत्येकाच्या आयव्हीला, म्हणजे शिरेतल्या नळीला, फ्लश जातो. ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत नळाचं पाणी, तेही उरलेल्या पाण्यावर ओतलेलं. तिथे निर्जंतुक पाणी हवं आणि बाटली धुऊन वाळवलेली हवी. पेशंटला एक्स-रेला न्यायचं असेल तर वॉर्डबॉय मामा लघवीची पिशवी उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतात, म्हणजे स्ट्रेचर ढकलायला सोपं. पिशवीतलं सगळं नळीतून परत मूत्राशयात. पिशवी कायम कमरेखाली, हा नियम मामांना कुणी सांगितलेलाच नसतो. आणि ती नळी मुळात अजून कशाला आहे, हेही कुणी विचारत नाही. ऑपरेशनच्या दिवशी घातली, पेशंट चालायला लागला, तरी नळी तशीच. काढायची तर ऑर्डर लागते आणि ऑर्डर लिहायचं राऊंडमध्ये राहून जातं.

हे सगळं कुणी मुद्दाम करत नाही. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एका सिस्टरकडे असतो, खाटा संपल्या की खाली गाद्या पडतात आणि दोन गाद्यांच्या मधून चालायला वाट नसते. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करायचे पाच क्षण सांगितले आहेत : पेशंटला हात लावण्याआधी, सुई-नळी-जखमेच्या कामाआधी, रक्त-लघवी लागल्यावर, पेशंटला हात लावल्यानंतर आणि त्याच्या खाटेला वा सामानाला हात लागल्यानंतर. साबण-पाण्याने नीट हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात. सिंक वॉर्डाच्या टोकाला. तिथवर जायचं, साबण शोधायचा, नळ सोडायचा, तर हवा येते. सिस्टरने दर पेशंटमागे हे केलं तर दहाची इंजेक्शनं संध्याकाळपर्यंत संपायची नाहीत. म्हणून ती करत नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

ऑक्टोबर 2023 आठवा. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बाळं होती. ते मृत्यू वॉर्डातल्या संसर्गाने झाले असं मी म्हणत नाही. गर्दी, उशिरा आलेले पेशंट, औषधांची आणि माणसांची टंचाई, पुष्कळ गोष्टी तेव्हा बोलल्या गेल्या. मला त्यानंतरचं सांगायचं आहे. एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून संडास साफ करून घेतला. तो त्यांचा अपमान होता, हे मी स्पष्ट लिहिते. पण त्याहून मोठं नुकसान वेगळंच झालं. तो व्हिडिओ घरोघरी गेला आणि दवाखान्याची स्वच्छता म्हणजे झाडू, फिनेल आणि चकचकीत फरशी, हे लोकांच्याच नव्हे तर आपल्याही डोक्यात पक्कं बसलं. त्यानंतर जो तो पुढारी भेटीला आला की आधी संडासात डोकावतो. एकाने तरी खाटेचा कठडा कोण पुसतं, कशाने पुसतं, दिवसातून किती वेळा पुसतं, हे विचारलं असेल तर मला कळवा.

तीच गत फ्युमिगेशनची. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, किंवा आयसीयूत संसर्ग निघाला की पहिला हुकूम फ्युमिगेशनचा. दारं बंद करा, फटींना चिकटपट्टी लावा, फॉर्मलिनचा धूर करा, दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरत आत शिरा. रजिस्टरला नोंद झाली, सगळ्यांचं समाधान झालं. फॉर्मल्डिहाइड कर्करोगाला कारण ठरतं, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कधीचंच जाहीर केलं आहे. आणि धूर जिथे पोचायला हवा तिथे, म्हणजे कठड्यावर वाळलेल्या थराखाली, पोचतच नाही. आधी साबणाने घासून काढायचं, मग जंतुनाशकाने ओलं पुसायचं, हेच काम करतं. पण ते सफाईच्या मावशींनी करायचं असतं, आणि मावशी एजन्सीच्या. आज आहेत, तीन महिन्यांनी दुसऱ्या. हायपोक्लोराइट किती पाण्यात किती घालायचं, ते रोज ताजं का बनवायचं, एका खोलीचं पोछ्याचं पाणी दुसऱ्या खोलीत का न्यायचं नाही, हे त्यांना शिकवायचं कुणाच्या कामात लिहिलेलं नाही. एजन्सीच्या करारात हजेरीचं कलम आहे, प्रशिक्षणाचं नाही. पुढच्या निविदेत ते घाला. खर्च एका ओळीचा.

आता हँडरबकडे येते, कारण मराठवाड्यासाठी तो चैनीचा विषय नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेवढी वेळ दर वर्षी येत नाही, पण मार्च ते जून टँकरवर चालणारी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं आपल्या सगळ्यांच्या माहितीतली आहेत. नळाला पाणी नाही तिथे ‘हात धुवा’ अशी भित्तिपत्रकं लावणं म्हणजे थट्टा आहे. हँडरबला पाणी लागत नाही. हातावर घ्यायचं, 20 ते 30 सेकंद बोटांच्या फटींत, अंगठ्याला, नखांशी चोळायचं, पुढच्या पेशंटपाशी पोचेपर्यंत हात कोरडे. हाताला रक्त, विष्ठा, घाण दिसत असेल तर मात्र साबण-पाणीच हवं. तेवढं पाणी राखून ठेवता येतं.

आणि ते विकतच घ्यावं लागतं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कृती सगळ्यांना खुली आहे. दहा लिटरसाठी 96 टक्क्यांचं इथेनॉल 8333 मिली, 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड 417 मिली, 98 टक्क्यांचं ग्लिसरॉल 145 मिली आणि वरून उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी, दहा लिटर भरेपर्यंत. मग 72 तास बंद ठेवायचं, म्हणजे अल्कोहोलमधले किंवा डब्यातले जिवाणूंचे बीजाणूही मरतात. रुग्णालयाच्या फार्मसीत, फार्मासिस्टच्या देखरेखीखाली, आगीपासून दूर. इथेनॉलसाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो आणि एफडीएची मान्यता लागते. ही दोन पत्रं आपल्या सहीनेच जातात. मराठवाड्यात पाणी नाही आणि ऊस मात्र हटत नाही, यावर आजवर इतके अग्रलेख लिहून झाले की त्यांचीही मळी निघेल. निदान त्या उसाचा एवढा तरी उपयोग करा! 2020 मध्ये करोनात साखर कारखान्यांच्या आसवन्यांनी सॅनिटायझर बनवलं होतंच. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्याच्या अध्यक्षांना पालकमंत्री एक फोन करू शकतात. त्यांच्याकडे एकमेकांचे नंबर असतात.

किती लागेल? जागतिक आरोग्य संघटनेचा किमान मापदंड आहे दर हजार रुग्ण-दिवसांमागे 20 लिटर. म्हणजे एका पेशंटमागे दिवसाला 20 मिली. पाचशे पेशंट भरती असलेल्या रुग्णालयाला रोज दहा लिटर, म्हणजे वरच्या कृतीचा रोज एक घाणा. आज आपल्या स्टोअरमधून महिन्याला किती जातं ते मागवून बघा. मी ज्या वॉर्डांत काम केलं तिथे बाटली इन्चार्ज सिस्टरच्या कपाटात कुलपात असायची, कारण स्टॉकबुक जुळलं पाहिजे. बाटली रिकामी झाली तर कुणी विचारत नाही, पण बाटली हरवली तर मेमो मिळतो. मग कोणती सिस्टर ती बाहेर ठेवेल? बाटल्या चोरीला जातात ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे भिंतीला किंवा खाटेला स्क्रूने बसवलेला डिस्पेन्सर. कुलूप हा उपाय नव्हे.

दुसरी मागणी अधिकाराची. ही आपल्याला जास्त जड जाईल.

2006-07 मध्ये इस्रायलच्या रुग्णालयांत कार्बापेनेमला दाद न देणारा क्लेबसिएला वणव्यासारखा पसरला. रुग्णालयांनी आपापल्या परीने प्रयत्न केले, जमलं नाही. मार्च 2007 मध्ये त्यांच्या आरोग्य मंत्रालयाने हुकूम काढला : असा जंतू असलेला प्रत्येक पेशंट रोजच्या रोज कळवायचा, त्याला वेगळं ठेवायचं, त्याच्यासाठी वेगळ्या परिचारिका नेमायच्या, आणि याची जबाबदारी थेट रुग्णालयाच्या प्रमुखावर. त्या महिन्यात दर लाख रुग्ण-दिवसांमागे 55.5 नवे पेशंट सापडत होते. मे 2008 मध्ये हा आकडा 11.7 वर आला. हे नव्या औषधाने झालं नाही. वेगळी खोली आपल्याकडे नसेल, मला मान्य आहे. पण वॉर्डाचा एक कोपरा, एक पडदा, तिथला स्वतःचा बीपी कफ, स्टेथोस्कोप, थर्मामीटर आणि त्या पाळीला तेवढेच पेशंट बघणारी एक सिस्टर, हे जमण्यासारखं आहे.

त्याच सुमाराला अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंनी मोठ्या शिरेतल्या नळीपासून होणारा संसर्ग दीड वर्षात सुमारे दोन-तृतीयांशाने कमी केला. पाच साध्या पायऱ्या होत्या : हात धुणे, पूर्ण झाकून घेणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणे, जांघेतली शीर टाळणे आणि नळीची गरज संपली की ती काढणे. पाचही आपल्या डॉक्टरांना तोंडपाठ आहेत. तिथे वेगळं काय होतं, तर डॉक्टरने एखादी पायरी गाळली की परिचारिकेने काम थांबवायचं, आणि प्रशासन तिच्या बाजूने उभं राहायचं.

आपल्याकडे परिसेविकेने प्राध्यापकांना “सर, हात” म्हणून बघावं! सर काही बोलणार नाहीत, हसतील. पुढच्या आठवड्यात तिची ड्युटी कॅज्युअल्टीला लागेल. वर्षाच्या शेवटी गोपनीय अहवालात ‘सहकार्याची वृत्ती कमी’ असा शेरा येईल. मग संसर्ग नियंत्रण समिती कागदावर असते, तिच्या बैठकीचं इतिवृत्त बैठकीआधी टाईप झालेलं असतं, आणि सरकारच्या ‘कायाकल्प’ स्वच्छता पुरस्काराचं तपासणी पथक यायच्या आदल्या रात्री जिन्यापासून ओटीपर्यंत चुन्याचा आणि रंगाचा वास घमघमतो. पथकातले लोकही आपल्यातलेच असतात, त्यांनाही सगळं कळतं.

म्हणून आदेशाचा मसुदा मीच लिहून देते, टंकलेखकाचे कष्ट वाचतील :

“या रुग्णालयातील संसर्ग नियंत्रण परिसेविका यांनी हात स्वच्छ केल्याशिवाय रुग्णास स्पर्श करण्यास अथवा कोणतीही प्रक्रिया सुरू करण्यास मनाई केल्यास, सदर मनाई पद व श्रेणी न पाहता सर्वांवर बंधनकारक राहील. याबाबतची तक्रार थेट अधोस्वाक्षरीकर्त्याकडे करण्यात यावी. संसर्ग नियंत्रण परिसेविका यांना अन्य कोणतीही ड्युटी देण्यात येऊ नये.”

शेवटचं वाक्य गाळू नका. ही सिस्टर कागदावर पूर्णवेळ असते आणि प्रत्यक्षात लसीकरण, व्हीआयपी दौरा, शिबिर, निवडणूक, कोण रजेवर गेलं तर तिचा वॉर्ड, यांतून तिला संसर्गाकडे बघायला वेळ मिळत नाही. अडीचशे खाटांमागे निदान एक पूर्णवेळ माणूस, हे जागतिक आरोग्य संघटनेचं किमान प्रमाण आहे. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयाला म्हणजे चार-पाच सिस्टर सहज लागतील.

नवजात बाळांच्या कक्षाबद्दल वेगळं लिहायलाच हवं. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांतला मोठा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. बाळांच्या रक्तात सगळ्यांत जास्त सापडले ते ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला, बहुतेक अनेक औषधांना न जुमानणारे. आणि सुमारे दोन-तृतीयांश संसर्ग जन्मानंतरच्या पहिल्या 72 तासांतच झालेले. याचा अर्थ बाळाला जंतू बराच आधी, लेबर रूमच्या टेबलावर, नाळ कापताना, सक्शन करताना गाठतो. एसएनसीयूच्या, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षाच्या, दारात चपला काढायला लावून हा प्रश्न सुटत नाही. उलट ज्या आईला आपण बाहेर पायरीवर बसवून ठेवतो, तिच्या छातीशी बाळ लावलं तर तिच्या अंगावरचे साधे, औषधाला मानणारे जंतू बाळाच्या अंगावर आधी जागा धरतात. या कांगारू केअरसाठी आईला खुर्ची आणि गाऊन लागतो, मशीन लागत नाही. एका वॉर्मरमध्ये दोन-तीन बाळं ठेवायची वेळ येते हे मला माहीत आहे. ती वेळ येते तेव्हा दोन बाळांच्या मधल्या हाताला हँडरब असलाच पाहिजे.

अँटिबायोटिकच्या वापराबद्दल डॉक्टरांना शिकवायला मी जाणार नाही. एवढंच विचारते : सिझरच्या वेळी चीर देण्याआधी तासाभरात एक डोस पुरतो, असं सगळी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, तर टाके स्वच्छ असलेल्या बाईला पाच-पाच दिवस सेफ्ट्रियाक्झोन सकाळ-संध्याकाळ का चालू असतं? “वॉर्ड घाण आहे म्हणून” हे उत्तर मी स्वतः ऐकलं आहे. म्हणजे कठडा पुसायचं काम आपण इंजेक्शनकडून करून घेतो. ती इंजेक्शनं भरायला, द्यायला, चार्टवर लिहायला जो वेळ जातो, त्यात वॉर्डातले सगळे कठडे दोनदा पुसून होतात.

कल्चरची सोय नाही, हे कारणही आता चालणार नाही. घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर ही जुनी महाविद्यालयं होतीच. मग धाराशिव आणि परभणी आली, 2024 मध्ये जालना आणि हिंगोली. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि महाविद्यालय म्हटलं की सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आलाच. त्या विभागाने वर्षातून एकदा एका पानाचा तक्ता काढावा : आपल्या रुग्णालयात कोणता जंतू किती वेळा सापडला आणि कोणत्या औषधाला किती टक्के दाद देतो. तो तक्ता जिल्ह्यातल्या खाजगी दवाखान्यांनाही पाठवावा. आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेच्या शाखांनी आपला तक्ता बदल्यात द्यावा. लातूर, बीड, नांदेडमधल्या खाजगी आयसीयूंत काय सापडतं हे सरकारी वॉर्डाला कळत नाही. पेशंट मात्र पैसे संपले की तिथूनच आमच्याकडे येतो.

त्यावरून रेफर चिठ्ठीची गोष्ट. आपल्याकडचा पेशंट गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, तिथून घाटीला नाहीतर सोलापूर-हैदराबादला जातो. ऊसतोडीला गेलेला माणूस पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या दवाखान्यात पंधरा दिवस राहून परत येतो. प्रत्येक मुक्कामाला नवं अँटिबायोटिक आणि नवे जंतू. सोबत चिठ्ठी असते, तिच्यावर ‘रेफर्ड टू हायर सेंटर फॉर फर्दर मॅनेजमेंट’ एवढंच, खाली गिचमिड सही. त्या चिठ्ठीवर तीन रकाने छापून घ्या : आधीची अँटिबायोटिक्स आणि किती दिवस; कल्चर पाठवलं का आणि काय आलं; नळ्या कोणत्या आणि कधी घातल्या. अशा पेशंटला आल्या दिवशी कोपऱ्यातली खाट द्यायची की मधली, हे कॅज्युअल्टीच्या सिस्टरला मग कळेल. आणि उलटही करा. आपला पेशंट पुढे पाठवताना आपलं कल्चर लपवू नका. पुढचा दवाखाना पेशंट घेणार नाही या भीतीने रिपोर्ट काढून घेतल्याचं मी पाहिलं आहे.

नातेवाइकांवर ओरडणं बंद करा, ही विनंती सिक्युरिटीवाल्यांपर्यंत पोचवा. पास एकाचा आणि आत सातजण, हे त्रासाचं आहेच. पण आपल्याकडे सिस्टर कमी आहेत, त्यामुळे पेशंटला कूस बदलून देणं, भांडं देणं, लघवीची पिशवी रिकामी करणं हे काम सून, बहीण, भाऊच करतात. ते आपले बिनपगारी कर्मचारी आहेत. पिशवी रिकामी करून तीच सून शेजारच्या आजीला पाणी पाजायला उठते, कारण तिचं कुणी आलेलं नसतं. तिला भरतीच्या दिवशीच कठड्यावरची बाटली दाखवा. “मावशी, भांडं ठेवलं की आधी हे हाताला चोळायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा,” एवढं सांगितलं की बायका बरोबर करतात. शिकलेल्यांपेक्षा बरं करतात, हा माझा अनुभव.

हे सगळं होतंय की नाही हे कळायला प्रत्येक वॉर्डाबाहेर एक फळा लावा. त्यावर महिन्याला तीन आकडे : हँडरब किती लिटर संपलं, किती पेशंटना लघवीची नळी होती आणि किती दिवस, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूचे नवे पेशंट किती. पैशासाठी जिल्हा नियोजन समितीची बैठक आहे. डिस्पेन्सरची रक्कम तिथे सहज मंजूर होते, विषय पत्रिकेवर घ्यायचा तेवढा. पालकमंत्र्यांना प्रत म्हणूनच जोडली आहे.

पहिल्या काही महिन्यांत तिसरा आकडा वाढलेला दिसेल. शोधायला लागलं की सापडतं. त्या आकड्यावरून कुणा सिस्टरला मेमो देऊ नका आणि शेजारच्या जिल्ह्याशी तुलना करून बातमी होऊ देऊ नका, नाहीतर दुसऱ्या महिन्यापासून फळ्यावर शून्य लिहून येईल आणि कल्चर पाठवणंच बंद होईल.

कळावे.

आपली,
एक सेवानिवृत्त परिसेविका

ता. क. : डिस्पेन्सर खाटेच्या पायथ्याशी बसवायला सांगा, डोक्याशी नको. तिथे ऑक्सिजनचा पॉइंट असतो आणि हँडरब पेट घेतं. ठेकेदार विचारत नाही, जिथे भिंतीला आधीच भोक असेल तिथे बसवून मोकळा होतो.